मूळ नोंदवही की बिशपची नक्कल?
इंग्लंडमधला पूर्वज शोधताना आधी पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, मूळ नोंदवही पाहावी. बाप्तिस्मा, विवाह, दफन नोंदवायचा हुकूम १५३८ चा. पण कित्येक जुन्या वह्या ओल नि उंदरांनी खाल्ल्या. तिथे १५९८ पासून दरवर्षी बिशपकडे पाठवायची नक्कल कामी येते. मात्र उतरवताना नावे गळतात, आडनावाचे स्पेलिंग बदलते, आणि १६४० च्या दशकातल्या इंग्लंडच्या यादवीनंतर १६६० पर्यंत नकला बहुधा नाहीतच. क्वचित नकलेतच जास्त तपशील मिळतो, म्हणून दोन्ही ताडून पाहाव्यात.

एक गफलत दोन्हीकडे सारखीच: १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई. मे १७२० चे लग्न आणि फेब्रुवारी १७२० चा बाप्तिस्मा दिसला, तर मूल लग्नाआधीचे समजू नये. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२१ चा.