समलिंगी जोडप्यांची कागदपत्रे: नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) परिसरातील नोटरी-दस्तलेखक सेवा

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्याआधी केंद्राने राज्यांची मते मागवली, तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध कळवला. महाराष्ट्राने मुदत मागून घेतली. अशा विवाहांना मान्यता देण्यासाठी सुप्रिया सुळेंनी २०२२ मध्ये मांडलेल्या खासगी विधेयकाचाही कायदा झाला नाही. कायदा होईतोवर आधार कागदांचाच.

मृत्युपत्रासाठी इथली सेवा खरोखर उपयोगी. दोन साक्षीदार लागतात. जोडीदाराला साक्षीदार करू नका, वाद तिथेच सुरू होतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्याच.

नोटरी केलेला ‘सहजीवन करार’ मात्र घेऊ नये. त्याने वारसाहक्क मिळत नाही, पैसे वाया.

बँकेत जोडीदारासोबत संयुक्त खाते आणि जोडीदाराचे नामनिर्देशन (नॉमिनी म्हणून नोंद), दोन्ही करता येते. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. पण नामनिर्देशित व्यक्ती पैशाची मालक ठरत नाही, वारस दावा करू शकतात. म्हणून मृत्युपत्रात खातेक्रमांक लिहाच. बरेच मसुदे नेमके इथेच ढिले असतात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा प्रतिनिधी नेमायला साधा कागद आणि सही पुरते, स्टॅम्प पेपर नको.