सॉलिड टॉपच्या नावाखाली प्लायवूडची गिटार

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी पुतण्यासाठी गिटार घ्यायची होती. नागपूरच्या एका दुकानदाराने 'पुढची पाटी सॉलिड स्प्रूसची' (म्हणजे टॉप थरांचा नसून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या एकसंध लाकडाचा) असे व्हॉट्सॲपवर लिहून कळवले, दुकानात वाजवून दाखवली आणि १४,००० रुपये घेतले. वाद्य तेव्हा खणखणीत वाजले, कारण तारा कोऱ्या होत्या आणि खोली लहान, फरशीची होती. तारा जुन्या होताच आवाज बसला.

अकूस्टिक गिटारचा आवाज मुख्यतः पुढच्या पाटीवर ठरतो. तारांचा कंप सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि ब्रिज (ती पट्टी बसवलेला, पाटीला चिकटवलेला लाकडी तुकडा) यांतून पाटीत उतरतो व पाटी हवा हलवते. म्हणून ती साधारण अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, हलकी तरीही ताठ लागते, आणि स्टीलच्या तारांचा सुमारे ७० किलोंचा ताण सोसण्यासाठी तिला आतून पट्ट्यांचा आधार दिलेला असतो. स्प्रूसमध्ये हलकेपणा आणि ताठपणा एकत्र सापडतात. प्लायवूडमध्ये आडवे-उभे थर सरसाने जोडलेले असल्यामुळे पाटी तितकी मोकळी हलत नाही. मागच्या व बाजूच्या लाकडाचा वाटा त्या मानाने कमी असतो. आमच्या दुकानदाराने मात्र बहुतेक वेळ मागच्या-बाजूच्या रोझवूडचेच गुणगान गायले.

खरा प्रकार गावच्या सुतारामुळे उघडकीस आला. सागवान हाताळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने तारांखालच्या गोल छिद्राच्या कडेवरचा जाड काळा रंग पटाशीच्या टोकाने किंचित खरवडला आणि म्हणाला, "भाऊ, हे तं प्लाय आहे. तीन थर, मधला आडवा." एकसंध लाकडाच्या रेषा वरून कडेत सलग उतरतात, इथे वरचा कागदासारखा पापुद्राच तेवढा स्प्रूसचा होता.

प्लायवूडची गिटार टाकाऊ नसते. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात एकसंध पाटीला तडा जाण्याची भीती अधिक, प्लायवूड ते सहज सोसते. आक्षेप आहे तो खोट्या नावाला आणि त्या नावाने उकळलेल्या किमतीला. बिलावर केवळ 'गिटार, १ नग' असल्यामुळे दुकानदाराने हात वर केले. खरेदी करणाऱ्यांनी 'सॉलिड स्प्रूस टॉप' हे शब्द बिलावरच लिहून घ्यावेत आणि छिद्राची कड रंगवलेली असल्यास आत लहान आरसा धरून पाटीच्या रेषा खालच्या बाजूसही जुळतात का ते पाहावे. ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत दाद मागता येते. आमची तक्रार त्या व्हॉट्सॲप संदेशाच्या आधारे तयार होत आहे.