वारसाला मत देण्यापूर्वी पाहावे असे ठिकाण : क्वेझॉन सिटीतील ‘बांतायोग’

फिलिपिन्समध्ये मनिलात राहायला आल्यापासून भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना मी इंट्रामुरोसचा जुना कोट आणि रिझाल पार्क अनेकदा दाखवले. मात्र क्वेझॉन ॲव्हेन्यू आणि एडसा हे दोन मोठे रस्ते जेथे मिळतात त्याच्या जवळच असलेले ‘बांतायोग नांग मांगा बायानी’, म्हणजे वीरांचे स्मारक, मी स्वतःही पाहिलेले नव्हते. तो योग आला माझ्या कार्यालयातील एका तरुण सहकारी मुलीमुळे. ती मला ‘आते’ म्हणते. टागालोगमध्ये थोरल्या बहिणीसाठी हा शब्द आहे, पण मराठी कानाला तो वडिलांच्या बहिणीचा वाटतो, त्यामुळे पहिल्या हाकेपासूनच ती मला परकी वाटलेली नाही. मे २०२२ मध्ये तिने आयुष्यातील पहिले मत फर्डिनांड मार्कोस ज्युनियर यांना, म्हणजे येथे सगळे ज्यांना बाँगबाँग म्हणतात त्यांना, दिले होते. २०२८ मध्ये येथे पुन्हा राष्ट्राध्यक्ष निवडायचा आहे आणि कोणत्या ना कोणत्या घराण्याचा वारस तेव्हाही रिंगणात असेल, असे या देशाचा इतिहास पाहता वाटते. ‘आते, मागच्या वेळी मी मत देण्याआधी नेमके काय पाहायला हवे होते?’ असे तिने जेवणाच्या सुट्टीत विचारले, तेव्हा ज्याला येथे मत नाही अशा माणसाने उपदेश करणे मला बरे वाटले नाही. आपण एक दिवस रजा काढून बांतायोगला जाऊ, इतकेच मी म्हणाले.

जायला सोपे आहे. एमआरटी-३ या मेट्रोच्या क्वेझॉन ॲव्हेन्यू स्थानकावरून चालत जाता येते, आणि भोवती वाहनांचा अखंड गोंगाट असूनही आवारात शिरल्यावर माणूस आपोआप हळू बोलू लागतो. समोर एदुआर्दो कास्त्रियो यांनी घडवलेले ‘इनांग बायान’ हे भव्य कांस्यशिल्प आहे. मातृभूमी एका हाताने आपल्या पडलेल्या मुलाला सावरते आहे आणि तिचा दुसरा हात आकाशाकडे उंचावलेला आहे. त्याच्या मागे काळ्या ग्रॅनाइटची भिंत आहे. बाँगबाँग यांचे वडील, थोरले फर्डिनांड मार्कोस, राष्ट्राध्यक्ष असताना, विशेषतः सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारल्यानंतर, ज्यांनी प्रतिकार केला त्यांची नावे या भिंतीवर कोरलेली आहेत. १९९२ मध्ये पहिली ६५ नावे कोरली गेली आणि त्यानंतर त्यांत सतत भर पडत गेली. इतर स्मारकांवर सेनापतींची आणि मंत्र्यांची नावे वाचायची सवय असलेल्या माणसाला येथे विद्यार्थी, ख्रिस्ती जोगिणी, शेतकरी, वकील आणि पत्रकार एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारी शेजारी भेटतात, आणि मार्कोसविरोधी नेते बेनिग्नो अकिनो यांच्यासारखे जगाला ठाऊक असलेले नावही त्या रांगेत शोधावे लागते. ही रचना मला फार आवडली.

मुलीचे बोट लिलिओसा हिलाओ या नावावर थांबले. लिलिओसा मनिलाच्या महानगर विद्यापीठात शिकत होती आणि तेथील विद्यार्थ्यांच्या पत्रात लिहीत होती. एप्रिल १९७३ मध्ये लष्करी कोठडीत तिचा अंत झाला, तेव्हा ती २३ वर्षांची होती. तिने आत्महत्या केली असे अधिकाऱ्यांनी सांगितले. मार्शल लॉच्या काळात अटकेत झालेल्या मृत्यूंपैकी नोंद झालेला हा पहिला. पदवीदानाच्या दिवशी तिची खुर्ची रिकामी ठेवून तिला मरणोत्तर पदवी देण्यात आली. माझी सोबतीण त्या वेळी पंचवीस वर्षांची होती, आणि दगडात कोरलेल्या अक्षरांच्या खाचेतून बोट फिरवत ती बराच वेळ तेथेच उभी राहिली. मी काही बोलले नाही.

भिंतीनंतर आतल्या इमारतीतील संग्रहालय पाहावे. इमारतीला होविटो सालोंगा यांचे नाव आहे. १९७१ मध्ये मनिलाच्या प्लाझा मिरांडातील सभेवर झालेल्या बाँबहल्ल्यात हे विरोधी पक्षाचे नेते गंभीर जखमी झाले होते, आणि १९८६ मध्ये मार्कोस कुटुंबाची बेकायदा संपत्ती शोधण्यासाठी जो आयोग नेमला गेला त्याचे ते पहिले अध्यक्ष होते. संग्रहालय लहान आहे. राजकीय कैद्यांच्या कोठडीची एक प्रतिकृती तेथे उभारली आहे. त्या अरुंद जागेत एक मिनिट उभे राहिले, तरी ७०,००० लोकांना तुरुंगवास, ३४,००० जणांचा छळ आणि ३,२४० जणांच्या हत्या हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचे वारंवार उद्धृत होणारे आकडे नुसते आकडे राहत नाहीत.

आता मूळ प्रश्न. वारसाला मत द्यावे का, हे अशा ठिकाणी ठरवणे न्याय्य आहे का? मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हा बाँगबाँग १५ वर्षांचे होते. बापाच्या कृत्यांची शिक्षा मुलाला का, हा माझ्या सोबतिणीचा २०२२ मधील युक्तिवाद होता आणि तो मला अजिबात टाकाऊ वाटत नाही. तिची आजी इलोकोसची, म्हणजे मार्कोसांच्याच मूळ प्रांतातली. तिकडे थोरल्या मार्कोसांच्या काळातील रस्ते लोक अजून दाखवतात, क्वेझॉन सिटीतील हृदयरोग रुग्णालय १९७५ चे, म्हणजे त्याच राजवटीतले आहे, आणि धाकट्या मार्कोसांच्या गव्हर्नरपदाच्या काळात बांगुईच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या तर आता पर्यटकांच्या प्रत्येक छायाचित्रात असतात. मी काही वर्षांपूर्वी त्या भागात सहलीला गेले होते आणि तेथील एका संग्रहालयात मार्गदर्शकाने आम्हांला शपथविधीची छायाचित्रे दाखवून थेट धरणे आणि पूल यांच्या दालनात नेले. १९७२ हे साल मधल्या मध्ये गळून गेले. आजीने नातीला जे सांगितले तेही असेच होते. त्यात खोटे काही नव्हते, फक्त अर्धे गाळलेले होते.

माझे मत असे आहे की मुलाला बापाच्या गुन्ह्यासाठी दोषी धरू नये, पण जो बापाच्या नावावर मत मागतो त्याने त्या नावावरचा बोजाही मान्य केला पाहिजे. आपल्याकडे वारसाचे नाव सातबाऱ्यावर चढते तेव्हा इतर हक्कांच्या रकान्यातील कर्जाची नोंद पुसली जात नाही, हे गावातल्या निरक्षर माणसालाही समजते. मार्कोसांच्या बाबतीत हे केवळ उपमेपुरते नाही, कारण तेथे खरोखरच एक थकलेले देणे आहे. थोरले मार्कोस १९८९ मध्ये होनोलुलू येथे वारले आणि त्यांच्या मालमत्तेवर २,३०० कोटी पेसोंहून अधिक वारसाकर आकारला गेला. त्या वसुलीला आव्हान देत जे सर्वोच्च न्यायालयात गेले ते बाँगबाँगच होते, आणि १९९७ मध्ये न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. तरीही कर भरला गेला नाही. व्याज आणि दंड धरून ही रक्कम २०,३०० कोटी पेसोंवर गेल्याचे २०२२ च्या प्रचारात सर्वोच्च न्यायालयाचे एक निवृत्त न्यायमूर्ती उघडपणे सांगत होते. त्याच न्यायालयाने २००३ मध्ये ६५ कोटी डॉलरहून अधिक स्विस ठेवी सरकारजमा केल्या, तेव्हा मार्कोस दाम्पत्याचे सत्ताकाळातील कायदेशीर उत्पन्न सुमारे ३ लाख ४ हजार डॉलर होते, असे निकालात नमूद आहे. या जप्त पैशातूनच २०१३ च्या कायद्याने १,००० कोटी पेसो छळाच्या बळींसाठी ठेवले गेले आणि ११,१०३ जणांना सरकारने स्वतः बळी म्हणून मान्यता दिली. एवढे सगळे सरकारी कागदावर असताना उमेदवाराने त्याबद्दल एकदाही नीट उत्तर देऊ नये, निवडणूक आयोगाने घेतलेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या वादसभांनाही जाऊ नये, आणि तरी ३ कोटी १६ लाख मते मिळवावीत, हे मला फार दुःखद वाटते. त्यांच्या मुख्य प्रतिस्पर्धी लेनी रोब्रेदो यांना त्याच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे दीड कोटी मते पडली.

घराण्याच्या नावाला जाब विचारणे म्हणजे काय, याचे येथील सर्वांत क्रूर उदाहरण १९७७ चे आहे. आर्किमिडीज त्राहानो नावाच्या २१ वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एका खुल्या सभेत बाँगबाँग यांची थोरली बहीण इमी यांना विचारले की राष्ट्रीय युवक संघटनेचे नेतृत्व राष्ट्राध्यक्षांच्या मुलीकडेच का असावे. त्याला सभेतून ओढून नेण्यात आले आणि पुढे त्याचे छळाच्या खुणा असलेले प्रेतच घरच्यांच्या हाती आले. त्याच्या आईने पुढे हवाईतील अमेरिकी न्यायालयात दावा लावला आणि तेथे इमी यांच्याविरुद्ध ४१ लाख डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल झाला. हे मी कोठडीच्या प्रतिकृतीजवळ सांगितले तेव्हा माझी सोबतीण म्हणाली, ‘आते, मी तुम्हाला जेवताना विचारला तसा त्यानेही एक प्रश्नच विचारला होता.’

हाच मापदंड मला दुसऱ्या बाजूलाही लावायचा आहे, नाहीतर हे स्मारक एका घराण्याच्या विरोधात दुसऱ्या घराण्याची बाजू घेते असा समज होईल. बेनिग्नो अकिनो यांचे पुत्र नोयनोय २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले ते मुख्यतः आईच्या, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांच्या, निधनानंतर उसळलेल्या सहानुभूतीवर. खासदार आणि सेनेटर म्हणून त्यांचे काम सामान्यच होते. त्यांच्या आईच्या माहेरची हासिएंडा लुइसिता ही ६,००० हेक्टरांहून मोठी उसाची मालमत्ता होती, २००४ मध्ये तेथे संपावरील मजुरांवर गोळीबार होऊन माणसे मेली होती, आणि हा प्रश्नही उमेदवाराला घट्ट धरून विचारायला हवा होता. २०११ मध्ये ते पदावर असतानाच सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन कसणाऱ्यांना वाटण्याचा आदेश दिला. म्हणजे बोजा प्रत्येक वारसावर असतो. तो कोण उघड मान्य करतो आणि कोण लपवतो, एवढेच मतदाराने पाहायचे. १९८७ च्या राज्यघटनेने घराणेशाहीला मनाई करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे, पण ‘कायदा व्याख्या करील त्याप्रमाणे’ ही पुस्ती जोडल्यामुळे आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे येथील संसदेत, त्याच घराण्यांचे लोक बसत असल्यामुळे तो कायदा झालाच नाही. परिणामी हे काम मतदारालाच करावे लागते.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट येथे नोंदवते. मनिला आपल्याला माहीत झाली ती मॅगसेसे पुरस्कारामुळे. पहिल्याच वर्षी, १९५८ मध्ये, तो विनोबांना मिळाला आणि १९८५ मध्ये बाबा आमटे यांना. त्या १९८५ मध्ये थोरले मार्कोस अजून सत्तेवर होते. पुढच्याच फेब्रुवारीत लाखो लोक ज्या रस्त्यावर उतरले आणि ज्यामुळे त्यांना देश सोडावा लागला, तो एडसा या स्मारकापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुरस्काराच्या गावी येणाऱ्या मराठी माणसाने म्हणूनही येथे यावे.

बेत करणाऱ्यांनी उघडण्याचे वार आणि वेळ आधी फोन करून विचारून घ्यावेत. दोन तास पुरतात, पण नावे सावकाश वाचायची असतील तर तीन ठेवावेत. भिंत उघड्यावर असल्याने छत्री हवीच. आधी भिंत पाहावी आणि मग संग्रहालय, उलट करू नये, कारण नावे वाचून आत गेलेल्या माणसाला दालनातील प्रत्येक चेहरा ओळखीचा वाटू लागतो. माहिती इंग्रजीत असल्यामुळे भाषेची अडचण येत नाही. फार लहान मुलांना मात्र कोठडीपर्यंत नेऊ नये.

बाहेर पडताना मी तिला, मागच्या मताचा पश्चात्ताप होतो का, असे विचारले नाही. मत गुप्त असते आणि पश्चात्तापही तिचाच. स्थानकाच्या जिन्यावर मात्र तिने आपणहून सांगितले की जूनमध्ये आजी इलोकोसहून डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी येणार आहे, आणि दिसू लागले की तिला ती भिंत वाचायला घेऊन यायचे आहे. आजीला इतके चालवेल का, एवढीच तिला काळजी होती. स्थानकापासून रिक्षा, म्हणजे येथील ट्रायसिकल, मिळते का ते मी विचारून ठेवणार आहे.