प्राचार्य व्हावे की कुलसचिव? अर्ज भरण्याआधी

एका धाकट्या सहकाऱ्याचा मागच्या आठवड्यात फोन आला. इतिहास शिकवतो, नोकरीला सतरा वर्षे झाली, पीएचडी आहे, शोधनिबंध पुरेसे आहेत. एकाच महिन्यात दोन जाहिराती निघाल्या आहेत, एका अनुदानित महाविद्यालयात प्राचार्य आणि एका विद्यापीठात कुलसचिव, म्हणजे तिथल्या कार्यालयीन कारभाराचा प्रमुख. "मॅडम, तुम्ही दोन्हीकडे काम केलंय. मी कुठे भरू?" अर्धा तास बोललो, तरी सांगायचे बरेच राहिले. हा प्रश्न पडलेला तो एकटा नाही, म्हणून उरलेले इथे लिहिते.

पात्रता आणि पगार आधी उरकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीनुसार प्राचार्यपदासाठी पीएचडी, सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक हे पद, एकूण पंधरा वर्षांचा अनुभव, किमान दहा शोधनिबंध आणि संशोधनाचे ११० गुण लागतात. कुलसचिवपदाला पीएचडीची सक्ती नाही. ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि अध्यापनाची पंधरा वर्षे चालतात. ज्याने पंधरा वर्षे प्रशासनात काढली आणि त्यातली आठ उपकुलसचिव म्हणून, तोही पात्र असतो. त्यामुळे मुलाखतीला तुमच्या शेजारी बसलेला माणूस उभे आयुष्य फायलींत घालवलेला असू शकतो, आणि नियमांच्या प्रश्नांवर तो तुमच्या पुढेच असेल. पगाराचे म्हणाल, तर पदवी महाविद्यालयाच्या प्राचार्याचे मूळ वेतन १,३१,४०० रुपयांपासून सुरू होते. पदव्युत्तर महाविद्यालयाचा प्राचार्य आणि कुलसचिव दोघांचेही १,४४,२०० पासून. जो आधीच प्राध्यापक आहे त्याच्या घरखर्चात यातल्या कशानेही मोठा फरक पडत नाही. दोन्ही नेमणुका पाच-पाच वर्षांच्या. तेव्हा यावरून ठरवू नका.

ठरवायचे ते दिवस कसा जातो यावरून.

मी प्राचार्य होते तेव्हा सकाळी साडेसातला गेटवर उभी राहायची. कोणी सांगितले म्हणून नव्हे. पहिली एसटी आली की कोण उतरले, कोण नाही, हे तिथे दिसायचे. एका पावसाळ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सलग आठ दिवस उतरली नाही. नवव्या दिवशी ती वडिलांबरोबर आली, दाखला मागायला. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज आमच्याच ऑफिसच्या लॉगिनवर अडकून पडला होता, फी भरायला पैसे नव्हते, आणि घरात लग्नाचे बोलणे सुरू झाले होते. संबंधित क्लार्कला बोलावले, समोर बसवून अर्ज पुढे पाठवला, फीचे चार हप्ते पाडून दिले. वीस मिनिटांचे काम. तिने पुढे एम.एस्सी. केले. प्राचार्याच्या खुर्चीचे मोल मला विचाराल तर ती वीस मिनिटे आहेत. चूक दिसते, तिच्यामागचे माणूस समोर असते, आणि दुरुस्त करायचा अधिकार तुमच्या हातात असतो.

त्याच खुर्चीची दुसरी बाजू महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेची. अनुदानित महाविद्यालयात पगार शासन देते, पण नेमणूक संस्था करते. महाविद्यालय विकास समितीचे सदस्य-सचिव तुम्ही असता, अध्यक्ष संस्थेचे. शासनाच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला पगारबिल, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद), वेतनेतर अनुदानाचे हिशेब तुमच्या सहीने जातात. एकदा तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांसाठी मुलाखती व्हायच्या आधीच नावांची यादी माझ्या टेबलावर आली. मी मुलाखती रीतसर घेतल्या आणि गुणानुक्रमे नावे पाठवली. त्यानंतर सहा महिने माझ्या प्रत्येक खर्चाच्या मंजुरीला उशीर होत राहिला, प्रयोगशाळेच्या रसायनांनासुद्धा. अर्ज भरण्याआधी त्या संस्थेतल्या माजी प्राचार्यांना गाठून एवढेच विचारा, "सर, तुम्ही पाच वर्षे पूर्ण केलीत का, आणि नसतील तर का नाही?" जाहिरातीत हे कळत नाही.

प्राचार्यपदावरून काय उभे राहू शकते याचे आपल्याकडचे मोठे उदाहरण रँग्लर र. पु. परांजपे यांचे आहे. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झालेले ते पहिले भारतीय. जगात कुठेही नोकरी मिळाली असती. ते पुण्याला परतले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून महिना ७५ रुपयांवर काम पत्करले आणि १९०२ पासून सुमारे दोन दशके फर्ग्युसनचे प्राचार्य राहिले. पुढे शिक्षणमंत्री, लखनौचे आणि मग पुण्याचे कुलगुरू झाले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ते फर्ग्युसनचे परांजपेच राहिले. एकाच संस्थेत इतकी वर्षे राहिल्याशिवाय असे होत नाही. आजच्या नियमात पाच वर्षांची मुदत आणि मूल्यमापनानंतर फार तर आणखी पाच. मला ही मुदत तोकडी वाटते. पहिले वर्ष माणसे ओळखण्यात जाते, नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यमापन करून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, फेरी आली की दुसरे-तिसरे त्यात, आणि हात जरा बसतो तोवर शेवटचे वर्ष लागते.

आता कुलसचिव. या पदाबद्दल प्राध्यापकांच्या मनात दोन गैरसमज असतात. एक, ते कारकुनीचे मोठे पद आहे. दोन, ते कुलगुरूपदाकडे जाणारी पायरी आहे. दुसऱ्या समजुतीने अर्ज करणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, करू नका. कुलगुरू निवडताना शोध समिती प्रामुख्याने प्राध्यापक म्हणून दहा वर्षे आणि शैक्षणिक नेतृत्व पाहते. फायलींखाली पाच वर्षे घातली की तुमचे संशोधन थांबते, आणि ते तिथे दिसते.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमात कुलसचिव हा अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद या विद्यापीठाच्या तिन्ही प्रमुख मंडळांचा सचिव असतो. ठराव कोणीही मांडो, तो कागदावर कसा उतरतो ते त्याच्या हातात. न्यायालयात विद्यापीठाच्या वतीने तोच उभा. माझ्या टेबलावर रोज साठ-सत्तर फायली येत. त्यातल्या कित्येक टिपण्यांचे शेवटचे वाक्य एकच असायचे, "प्रचलित नियमानुसार योग्य तो निर्णय व्हावा, ही विनंती." या वाक्यात कुठला नियम ते नसते, कोणता निर्णय तेही नसते. पहिल्याच महिन्यात मी कक्षाधिकाऱ्यांना बोलावून सांगितले, यापुढे असे वाक्य आले की फाईल परत. नियमाचा क्रमांक लिहा, तुमचे मत लिहा, खाली सही करा. दोन महिने सगळे नाराज होते. मग फायली पातळ झाल्या आणि लवकर हलू लागल्या.

तिथेही माणूस असतोच, पण तो कागदामागे असतो आणि शोधावा लागतो. पदवी प्रमाणपत्रावरच्या नावातील दुरुस्तीची एक फाईल चौथ्यांदा माझ्यापर्यंत आली होती. आडनावात 'श' ऐवजी 'स' छापला होता, नोकरीची कागदपत्र पडताळणी अडली होती. तो मुलगा सुरगाण्याहून तीन खेपा घालून गेला होता. प्रत्येक खेपेला दीडशेच्या वर किलोमीटर, एका दिवसाची मजुरी बुडवून. ती दुरुस्ती मी त्या दिवशी करून दिली. पण खरे काम पुढचे होते. पुरावा एकदा अपलोड केला की अर्जदाराने पुन्हा यायचे नाही, दुरुस्त प्रमाणपत्र टपालाने जाईल, असे परिपत्रक काढायला सात महिने लागले. त्यानंतर किती जणांच्या खेपा वाचल्या ते मी पाहिलेले नाही, आणि त्यांना माझे नावही माहीत नाही. हे ज्याला पुरते, त्याने कुलसचिव व्हावे. ज्याला संध्याकाळी एखादा तरी चेहरा आठवावा लागतो, त्याने महाविद्यालयात राहावे.

कागदावरचा एक रकाना काय करू शकतो हे पाहायचे असेल तर डॉ. स्नेहलता देशमुख यांचे काम पाहा. लहान मुलांच्या शल्यचिकित्सक, सायन रुग्णालयाच्या अधिष्ठाता, आणि १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. विद्यार्थ्याच्या नावापुढे वडिलांबरोबर आईचेही नाव लागले पाहिजे, हा निर्णय त्यांचा. वर्गात उभे राहून स्त्रियांच्या सन्मानावर कितीही बोलले, तरी लाखो घरांतल्या कपाटात ठेवलेल्या कागदावर आईचे नाव उमटणे ही निराळी गोष्ट आहे. ही ताकद विद्यापीठाच्या इमारतीत आहे, महाविद्यालयात नाही. डॉ. अरुण निगवेकरांचेही तसेच. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, १९९४ मध्ये बंगळुरूत नॅक सुरू झाली तेव्हा तिचे पहिले संचालक, नंतर पुण्याचे कुलगुरू आणि यूजीसीचे अध्यक्ष. आज खेड्यातले महाविद्यालयसुद्धा आपले मूल्यमापन करून घेते, त्या पद्धतीची पायाभरणी करणाऱ्यांत ते होते. नॅकच्या कागदपत्रांचा जाच मीही सोसला आहे. पण त्याआधी बाहेरून कोणी येऊन महाविद्यालय पाहण्याची पद्धत म्हणजे बहुतेक संलग्नतेच्या समितीची धावती भेट होती, हे विसरून चालणार नाही.

परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालकपद हा तिसरा पर्याय कोणी सुचवील. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लावण्याचे बंधन कायद्यात आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत एकदम आणली, निकाल काही महिने रखडले आणि शेवटी कुलपती असलेल्या राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. संगणकप्रणाली, छपाई, गोपनीयता यांत मुरलेला माणूस असाल तरच या खुर्चीचा विचार करा.

खासगी विद्यापीठांबद्दल थोडक्यात. पगार बोलून ठरतो, निर्णय लवकर होतात, आणि अध्यक्षांचे मन बदलले की तुमचा करारही बदलतो. अनुदानित नोकरीवर पाणी सोडून जाण्याआधी निवृत्तिवेतनाचे गणित घरी बसून मांडा.

नवी संस्था उभारायची संधी मात्र आली तर बाकी सगळे बाजूला ठेवा. डॉ. राम ताकवले पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होऊन गेले होते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झाले तेव्हा ते पहिले कुलगुरू म्हणून तिथे गेले. जुने कुठलेच परिपत्रक आड यायला नव्हते. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीकडे येता येईल असा रस्ता त्या विद्यापीठाने केला. जुन्या विद्यापीठात असा प्रस्ताव विद्या परिषदेत किती वर्षे फिरला असता, याचा अंदाज मला त्या परिषदेच्या सचिवाच्या जागेवरून नीट आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर आधी प्राचार्य व्हा, मग वाटले तर कुलसचिव. उलट क्रमाने जाणाऱ्याला परिपत्रकाच्या दुसऱ्या टोकाला काय होते ते कधी दिसत नाही. मी काढलेल्या त्या नाव-दुरुस्तीच्या परिपत्रकात 'महाविद्यालयाने शिफारस करावी' ही अट मी मुद्दाम ठेवली नाही, कारण परीक्षेच्या हंगामात प्राचार्याच्या टेबलावर असे कागद किती दिवस पडून राहतात ते मला ठाऊक होते.

माझ्या सहकाऱ्याला दोन गोष्टी आजच करायला सांगितल्या आहेत. अर्ज संस्थेमार्फत पाठवायचा आणि अग्रेषित केल्याची पोच स्वतःजवळ ठेवायची. आणि सध्याच्या पदावरचा धारणाधिकार, म्हणजे त्या पदावर परत येण्याचा हक्क, लेखी मंजूर करून घ्यायचा, त्याची नोंद सेवापुस्तकात झालेली डोळ्यांनी पाहायची. पाच वर्षांनी वर्गात परत यायचे असेल तर ती एक ओळ लागते. माझ्या सेवापुस्तकात ती होती. कुलसचिवपद संपल्यावर जुलैच्या पहिल्या सोमवारी मी पुन्हा द्वितीय वर्षाच्या वर्गात गेले, आणि हजेरी घ्यायला नावे वाचू लागले.