आंबा थेट विकायचाय? ब्लॉग आणि रील, दोन्हींचा हिशोब

दलाल टाळून मुंबई-पुण्याच्या घरात थेट पेटी पोचवायची म्हणणारे देवगड-रत्नागिरीकडचे बागायतदार दर मार्चमध्ये एकच विचारतात: वेबसाइट काढून ब्लॉग लिहू, की इन्स्टाग्रामवर रील टाकू? मार्चमध्ये विचारलंत तर उत्तर सोपं आहे. रील टाका. ब्लॉगची पेरणी तेव्हा टळून गेलेली असते.

नवं पान गूगलला दिसायला काही दिवस लागतात, पण वर चढायला महिने. गूगलच्याच २०१७ मधल्या एका मार्गदर्शक व्हिडिओत बहुतेकांना ४ महिने ते १ वर्ष लागतं असं सांगितलं होतं. म्हणजे एप्रिलच्या गिऱ्हाइकासाठीचा लेख आषाढ-श्रावणात लिहून व्हायला हवा. खतं आणि कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाला घालायचं औषध) उरकलं की त्या दिवसांत बागायतदाराला जरा उसंत असते, हे ब्लॉगच्या पथ्यावर पडतं. पंचाईत अशी की तेव्हा आंबा कोणाच्याच डोक्यात नसतो. ऑगस्टमध्ये लेख टाकावा आणि दिवसाला दोन माणसं यावीत, त्यातला एक आपलाच भाचा! बहुतेकांचे ब्लॉग तिसऱ्या लेखावर थांबतात ते इथेच.

रीलचं नेमकं उलट. मोहोर, कणी म्हणजे इवलं फळ, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेला आंबा, अढीत म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यावरचा पेंढा बाजूला करताना दिसणारा रंग, दाखवण्यासारखं सगळं डिसेंबर ते मे. पण हातात वेळ नसतो तोही याच महिन्यांत. पहाटे बागेत, रात्री पेट्या भरायच्या, मधेच कुरिअरवाल्याशी वाद. अशात रील टाकायची, आणि खाली आलेल्या ‘रेट?’ला चाळिसाव्यांदा न चिडता उत्तर द्यायचं. शिवाय रील पाहणारे कुठले असतील सांगता येत नाही. इंदूरहून आणि दुबईहून लाइकचे बदाम येतात, तिथे तुमची पेटी जात नाही. ब्लॉगवर येणारा मात्र ‘पेटीत किती डझन’, ‘अढीत किती दिवस ठेवायचा’ असं काहीतरी शोधत आलेला असतो. संख्येने कमी, पण घ्यायच्या तयारीने.

दुसऱ्याच्या जागेवर मांडलेल्या दुकानाचा धोका आपण पाहिलाय. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि कित्येकांनी जमवलेली माणसं एका रात्रीत गेली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही सहा तासांच्या आसपास बंद होतं. ते हंगामात झालं असतं तर? स्वतःच्या नावाच्या डोमेनवरचा ब्लॉग असा जात नाही. तरी तोही पूर्ण आपला नव्हे. ‘साका म्हणजे काय’ (हापूसच्या गरात आतून होणारा बिघाड) याचं उत्तर आता गूगल स्वतःच एआयने वरती देऊन टाकतं, तुमच्या पानापर्यंत कोणी येतच नाही. म्हणून सगळीकडे सापडणारी माहिती लिहिण्यात अर्थ नाही. तुमच्या बागेत यंदा फुलकिड्यांनी किती मोहोर खाल्ला, कोणत्या आकाराच्या फळाचा काय भाव लावला आणि का, पेट्या कोणत्या वारी निघतात, ते लिहा.

हापूसच्या बाबतीत हे जास्तच लागू. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने घेऊन फसलेलं गिऱ्हाईक अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवताना दहादा विचार करतं. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण साध्या खोक्यावर छापलेल्या नावावर विश्वास कोण ठेवणार? रीलमध्ये तुमचा चेहरा आणि बाग दिसते, ही तिची मोठी जमेची बाजू. पण मागच्या तीन हंगामांच्या तारखा असलेल्या नोंदी, त्यातलं एक बुडालेलं वर्षसुद्धा, मला त्याहून वजनदार वाटतात.

घरात व्हिडिओची हौस असलेली मुलगी किंवा पुतण्या असेल, तर रील घ्या. आठवड्याला दोन, निदान दोन हंगाम. आंबापोळी, कोकम, काजूही विकत असाल तर ब्लॉग, कारण गिऱ्हाईक बारमाही आहे. एकटेच असाल तर माझं मत ब्लॉगला: एका पावसाळ्यात दहा लेख, मग गप्प बसायचं. गूगलच्या मोफत सर्च कन्सोलमध्ये पान किती वेळा दिसलं हा आकडा आधी हलतो, क्लिक नंतर येतात. तो हलत असेल तर धीर धरा. मेपर्यंत जराही हलला नाही, तर विषय चुकलेत.

जुनी गिऱ्हाइकं मात्र यातल्या कशावरही सोडू नका. त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी हवी. एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो, म्हणून पेटीत नंबराची चिठ्ठी टाका.

आणि ऑर्डरच्या वहीत पत्त्याशेजारी एक रकाना आखा: ‘कुठून कळलं?’ पुढच्या जूनमध्ये तोच उघडून बसा.