फुगा की थर्मास? दहावीला श्वसन दाखवताना

पेशीतलं श्वसन वर्गात प्रयोगाने दाखवायचं म्हटलं की आपल्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. बाटलीत यीस्ट, गुळाचं पाणी आणि तोंडाला फुगा. नाहीतर थर्मासमध्ये मोड आलेली मटकी आणि तापमापी. दोन्ही प्रयोग मी बरीच वर्षं केले, आता एकच करतो. साहित्य आणि कृती तुम्हाला ठाऊक आहेच, म्हणून त्यात शिरत नाही.

यीस्टची जमेची बाजू म्हणजे वेळ. ३५ मिनिटांच्या तासिकेत बसणारा दुसरा प्रयोग मला तरी माहीत नाही. पाणी हाताला सोसेल इतकं कोमट असेल आणि पाकीट ताजं असेल, तर २०-२५ मिनिटांत फुगा मान वर काढतो आणि मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येतात. फुग्याऐवजी नळी चुन्याच्या निवळीत सोडली तर निवळी डोळ्यांदेखत दुधाळ होते. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट दगा देतं, पाणी कढत झालं तर यीस्ट मरतं. पण हे सगळं सांभाळता येतं.

मला नडलं ते घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांत. ‘अन्नातून ऊर्जा कशी मिळते?’ या प्रश्नाला दरवर्षी पाच-सहा जणांचं उत्तर असायचं: श्वसनात वायू तयार होतो आणि त्या वायूच्या जोरामुळे शरीराला शक्ती मिळते. सुरुवातीला वाटलं, लक्ष नसेल. मग एका मुलीला जवळ बोलावून विचारलं. ती म्हणाली, “सर, फुगा आपोआप उभा राहिला ना? मग ताकद वायूतच असणार.”

तिचं काय चुकलं? मी जे दाखवलं त्यावरून तिने नीट विचार केला होता. फुग्याच्या प्रयोगात ऊर्जा कुठे दिसतच नाही. दिसतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ग्लुकोज मोडल्यावर बाहेर टाकलेला भाग. पुढच्या वर्षी मी आधीच बजावून सांगितलं, फळ्यावर चौकटीत लिहिलं, तरी तीच उत्तरं आली. डोळ्यांनी पाहिलेलं मनात राहिलं, मी सांगितलेलं राहिलं नाही. या एका गोष्टीवर माझं मन फुग्यावरून उडालं.

शिवाय बंद बाटलीतलं यीस्ट करतं ते मुख्यतः विनॉक्सिश्वसन, म्हणजे ऑक्सिजनशिवायचं श्वसन. ग्लुकोजच्या एका रेणूमागे पेशीला निव्वळ २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात आणि बरीचशी ऊर्जा अल्कोहोलमध्येच अडकून राहते. आपण मात्र धडा शिकवत असतो ऑक्सिजन वापरून होणाऱ्या श्वसनाचा: पेशीतल्या तंतुकणिकेचा आणि तिथे चालणाऱ्या क्रेब्ज चक्राचा, इलेक्ट्रॉन वहन साखळीचा. जुन्या हिशेबात ३८ आणि हल्लीच्या हिशेबात ३० ते ३२ एटीपी देणारा तो सगळा खटाटोप बाटलीत घडतच नाही. प्रयोग तंतुकणिकेबाहेरच्या पेशीद्रव्यात सुरू होतो आणि तिथेच संपतो.

मटकीचा प्रयोग मला घरातच सापडला होता म्हणायला हरकत नाही. उसळीसाठी कापडात घट्ट बांधलेलं गाठोडं सकाळी सोडलं आणि मध्ये बोटं घातली की आतली मटकी उबदार लागते. कडेची गार, मधली कोमट. वर्गात हे विचारलं की निम्मे हात वर जातात, कारण मोड काढायचं काम बऱ्याच घरांत मुलांकडेच असतं. कोरड्या दाण्याला अशी ऊब नसते. पाणी आत शिरलं की साठवलेल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि अंकुर ती ऑक्सिजनच्या मदतीने वापरू लागतो. ती ऊब तिथून येते.

थर्मासमध्ये ही ऊब मोजता येते. एकात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात उकडून पूर्ण गार केलेली. तोंडाला बूच नको, कापूसच हवा. हवा बंद झाली की ऑक्सिजन संपतो. थर्मास उलटा टांगला तर जड कार्बन डायऑक्साइड खाली उतरून बाहेर जातो आणि तापमापीही वाचायला सोपी पडते. माझ्याकडे दोन दिवसांत पाच-सहा अंशांचा फरक पडतो. तुमच्याकडे थोडा कमी-जास्त पडेल. थर्मास किती भरला आणि हवा कशी आहे यावर ते अवलंबून आहे.

ही ऊब कुठून येते याचा हिशेबही मांडता येतो. एक मोल, म्हणजे सुमारे १८० ग्रॅम, ग्लुकोजचं पूर्ण ऑक्सिडीकरण झालं तर सुमारे ६८६ किलोकॅलरी सुटतात. ३२ एटीपी, प्रत्येकी ७.३ किलोकॅलरी धरले, तर होतात जेमतेम २३४. एक तृतीयांश पेशीच्या हाती लागलं, बाकीचं उष्णता होऊन गेलं. तेच आपण तापमापीवर वाचतोय. इथे मी लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांची गोष्ट सांगतो. त्यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं, किती बर्फ वितळला ते मोजलं आणि १७८३ मध्ये मांडलं की श्वसन हे एक प्रकारचं मंद ज्वलन आहे. थर्माससमोर उभं राहून ऐकताना मुलांना हे पटवून द्यावं लागत नाही.

मटकीचाही त्रास आहे, तो लपवत नाही. उकडलेली मटकी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, जिवाणू वाढतात आणि तेही श्वसन करत असल्याने तिथलंही तापमान चढू लागतं. दोन्हीकडची मटकी ब्लीचिंग पावडरच्या अगदी पातळ पाण्यातून काढली आणि ४८ तासांत थांबलं तर सहसा निभावतं. एकदा चढलंच, तेव्हा एका मुलाने विचारलं, “मेलेली मटकी कशी काय गरम होतेय?” पुढचा अख्खा तास त्यावरच गेला, आणि तो तास मला आवडला.

तुमच्याकडे खरोखर एकच तासिका असेल तर यीस्टच घ्या, पण शेजारी स्पिरिटचा दिवा पेटवून ठेवा. बाटलीत तयार होणारं अल्कोहोल अजून असं जळू शकतं, म्हणजे ग्लुकोजमधली ऊर्जा संपलेली नाही, हे दाखवता येईल. सलग तीन दिवस मिळत असतील तर मी मटकी सुचवेन. रविवारी रात्री भिजत घाला, सोमवारी सकाळी उपसून बांधा, मंगळवारी थर्मासमध्ये भरा, गुरुवारी सकाळी शेवटची नोंद घेऊन लगेच रिकामं करा. शनिवार-रविवार मध्ये येऊ देऊ नका. उकडलेल्या मटकीचा वास थर्मासमधून लवकर जात नाही.