श्वासनलिका दबलेलं कुत्रं: औषधांवर सांभाळायचं की स्टेंट टाकायचा?

पॉमेरेनियन, यॉर्की, चिवावा असलं छोटं कुत्रं जरा उड्या मारायला लागलं की हंसासारखा आवाज काढत खोकतं, व्हेट सांगतात ट्रॅकिअल कोलॅप्स आहे, आणि मग घरात एकच विषय, आयुष्यभर गोळ्या द्यायच्या की नळी आतून उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, टाकून एकदाच काय ते करून टाकायचं. माझं मत आधीच सांगते, हा निर्णय खोकल्यावर घेऊ नका, श्वासावर घ्या. खोकला कितीही भयंकर वाटला तरी.

होतं काय, तर श्वासाची नळी उघडी ठेवणाऱ्या कूर्चेच्या कड्या मऊ पडतात आणि नळी चपटी होते. ग्रेड १ म्हणजे साधारण २५ टक्के दबलेली, ग्रेड ४ म्हणजे जवळपास बंद. पण मानेतला भाग श्वास घेताना दबतो आणि छातीतला सोडताना, त्यामुळे साध्या एक्स-रेत कधी सगळं नॉर्मल पण दिसतं. स्टेंटचा विचार असेल तर फ्लुरोस्कोपी (श्वास चालू असताना हलता एक्स-रे) किंवा ब्रॉन्कोस्कोपी (नळीत कॅमेरा घालून बघणं) करायलाच हवी. आणि हृदय पण तपासून घ्या, वय वाढलं की ह्या जातींमध्ये हृदयाच्या झडपेचा त्रास बऱ्याचदा सोबतीला असतो.

औषधांचा रस्ता हळू आहे, पण बहुतेक कुत्री ह्याच्यावर नीट जगतात. सगळ्यात मोठं औषध म्हणजे वजन कमी करणं, आणि गळ्यातला पट्टा कायमचा काढून छातीचा हार्नेस. घरात सिगारेट, धूप, रूम स्प्रे बंद, भर उन्हात फिरवणं बंद. खोकला दाबायचं औषध टाळू नका, कारण खोकल्याने नळी सुजते आणि सुजली की अजून खोकला येतो, ते चक्र तोडावंच लागतं (फक्त माणसांचं सिरप स्वतःच्या मनाने देऊ नका). स्टेरॉइडच्या गोळ्या थोडे दिवस ठीक, लांबल्या की भूक वाढते, वजन वाढतं, धाप वाढते, म्हणजे कमावलेलं सगळं गेलं. म्हणून बरेच व्हेट फ्लुटिकासोन ह्या श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा इनहेलर देतात, स्पेसर (औषध साठवणारी मधली नळी) आणि मास्क लावून. मास्कची सवय घाई न करता लावा. आधी मास्कच्या आत जरा खाऊ चोपडायचा, त्याने आपणहून नाक घातलं पाहिजे, मग रिकामा मास्क दोन श्वास धरायचा, पंप त्याच्या कानापासून लांब दाबून आवाजाची ओळख करून द्यायची, आणि हे जमलं की मग खरा डोस, आठ-दहा श्वास मोजून. इनहेलरचा परिणाम दिसायला वेळ लागतो, तोवर गोळ्या एकदम थांबवायच्या नाहीत.

स्टेंट म्हणजे निटिनॉल ह्या लवचिक धातूची जाळी, भूल देऊन तोंडातून आत सोडतात, आत गेली की आपोआप उघडते. कापाकापी नाही, आणि श्वासातला फरक लगेच जाणवतो, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण खोकला राहतो, कधी वाढतोही, औषधं चालूच राहतात, आणि सततच्या खोकल्याने जाळी तुटू शकते किंवा तिच्या टोकाशी मांस वाढून नळी परत अरुंद होते. पुढे फुफ्फुसात जाणाऱ्या नळ्याही दबत असतील तर तिथे स्टेंट पोचत नाही. बाहेरून रिंगा शिवायचं ऑपरेशनही असतं, पण ते मुख्यतः मानेतल्या भागासाठी, आणि त्यात स्वरयंत्राच्या नसेला धोका असतो.

मग ठरवायचं कसं? कुत्रं खोकतंय पण झोपेत श्वास शांत आहे, मिनिटाला ३० च्या आत आहे, खातंय, खेळतंय, तर औषधंच, आणि ती पूर्ण मनाने करा. सगळं करूनही श्वास ओढावा लागतोय, जीभ निळसर पडतेय, चालता चालता कोसळतंय, तर स्टेंटला उशीर करू नका, तिथे तो जीव वाचवतो. निळेपणा दिसला त्या क्षणी मात्र आधी थंड जागा, शांतता आणि ऑक्सिजन असलेला दवाखाना. आणि स्टेंट करणाऱ्या डॉक्टरांना विचारा की नळीचं माप कसं घेणार, जाळी तुटली तर पुढे काय, आणि तपासणीला किती वेळा यावं लागेल.